बुडालेल्या टोल्याचा मुखिया

रेवताबाई सभेला यायची ती दोन चटया बगलेत मारून. एक स्वतः बसायला, दुसरी पुढच्या रांगेत अंथरायला. पुढची रिकामीच राहायची. ती मोहटोल्याच्या मुखियाची जागा. मुखिया म्हणजे तिचा नवरा, फकिरा. आणि फकिरा होता पाण्याखाली, मोहटोल्याच्या जुन्या वस्तीसकट.

ही गोष्ट धरणाच्या काठावरच्या पाचही गावांना ठाऊक होती, म्हणूनच कोणी त्या चटईकडे बोट दाखवत नसे. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा सगळा टोला उठून वर, नव्या गावठाणात आला. भांडी आली, छपराचे कवेलू आले, कोंबड्या आल्या. गावदेवी मातामाय मात्र खाली लिंबाच्या बुंध्याशीच राहून गेली. "तिले आनल्याबिगर गाव कसं म्हनाव याले?" म्हणून फकिरा डोंगा घेऊन परत गेला. डोंगा तेवढा वाहत वाहत काठाला लागला. फकिरा काही आला नाही. जाळी टाकून पाहिली, गळ टाकून पाहिले. अंगावरचं धोतरसुद्धा हाती लागलं नाही. चार लोकांनी तेरवीची गोष्ट काढली, तेव्हा रेवताबाई घरात गेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून बाहेर आली आणि म्हणाली, "दिसला नाई म्हनजे मेला नाई. ज्याले मेलेला दिसला त्यानं पुढं येऊन सांगाव." कोणाची टाप होती पुढे यायची? तेव्हापासून ते कुंकू तसंच होतं. पवनीच्या बाजारात तिला कोणी ओळखत नसे, तिथल्या बाया तिला सवाशीण समजून हळदीकुंकवाला ओढून न्यायच्या, आणि ती मान ताठ ठेवून जायची.

सभा उठली की ती पुढची चटई गुंडाळायची. मधला भाग हाताला ओला लागायचा. समाजमंदिराची फरशी ओल धरते, असं ती मनाशी म्हणायची. त्याच फरशीवर तिची स्वतःची चटई कोरडी ठणठणीत असायची, तो विचार ती करत नसे. एखादा विचार करायचाच नाही म्हटलं की न करता येतं. इतकी वर्षं तिनं दुसरं केलं काय?

बुडालेल्या टोल्यावर कोणी जाळं टाकत नव्हतं. आधी टाकायचे. तुटलेलं जाळं मासेमार ढिवराला कळतं. झाडाच्या फांदीत फाटलेलं, खडकाला घासलेलं, मोठ्या माशानं फाडलेलं, सगळं डोळ्यांनी ओळखता येतं. पण टोल्यावरून वर यायचं ते जाळं फाटलेलं नसायचंच. गाठ न् गाठ सोडलेली असायची, कोणी सवडीनं मांडी घालून बसून सोडावी तशी, आणि हाताशी यायचा नुसता सुताचा गुंता. जिवंतपणी फकिराला ओल्या जाळ्यात बसलेली निरगाठ बघवत नसे. दुसऱ्याचं जाळं असलं तरी तो उचलून ती सोडवत बसायचा. हे रेवताबाईला माहीत होतं. तिनं ते कोणाजवळ बोलून दाखवलं नाही. तिला एवढंच कळत होतं की टोल्यावर पुन्हा जाळी पडायला लागली, तर एखाद्या दिवशी एखाद्या जाळ्यात हाडं येतील. आणि मग बोलायला काहीच उरणार नाही.

आता या सगळ्यात संघराज्य कुठून आलं ते सांगायला पाहिजे.

धरणाच्या पाण्यातल्या मासेमारीचा ठेका दरसाल कोणी बाहेरचा घ्यायचा, आणि काठावरची पाच गावं आपल्याच पाण्यात त्याची मजुरी करायची. यंदा पाचही गावांच्या डोक्यात आलं की ठेका आपणच घ्यावा. त्यातच रेवताबाईची नात खुशबू नागपूरहून वकिली शिकून आली. बाप तिचा तिकडेच नोकरीला चिकटलेला, पण पोरगी आजीकडे आली ती राहिलीच. ती म्हणाली, "नुसती संस्था काढाल तर मोठं गाव लहान गावाला खाईल. पाच गावांचं मिळून एक राज्यच समजा ना. घरात ज्याचा तो मालक, पाण्यावर पाचही एक. त्याची आपण घटना लिहू." जवान पोरांना हे इतकं आवडलं की त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीवर गेरूनं लिहून टाकलं, 'पाचगाव पाण्याचं संघराज्य'. म्हातारे हसले. मग सभा सुरू झाल्या आणि सगळ्यांत जास्त म्हातारेच तापले.

अध्यक्ष होते भय्याजी, निवृत्त ग्रामसेवक. त्यांच्या हातात शाळेतून मागून आणलेली घंटी होती, आणि ती वाजवली तरी कोणी ऐकत नव्हतं.

पहिलं भांडण वजनावरून लागलं. मोठ्या खैरीचे श्यामराव, धानाचे व्यापारी आणि त्यांच्या गावचे मुखिया, उठून म्हणाले, "लोकशाही आहे ना जी? मंग डोकी मोजा. आमची खैरी एवढी मोठी, अन् मोहटोला सगळाच्या सगळा एका पिंपळाच्या सावलीत मावते. दोघाइले सारखं वजन कसं काय?"

रेवताबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "डोकीच मोजाची असन तं माशाइची मोजा, श्यामराव. पान्यात सगळ्यात जास्त डोकी तेइचीच आहेत. तेइलेच मुखिया करा."

सभा हसली. श्यामरावही हसले. "तुमी गम्मत करून राहिल्या, रेवताबाई."

"मी कायची गम्मत करतो? धरन आलं तवा बी डोकीच मोजली होती. खाली थोडकी भरली, वर लय भरली. थोडकी होती ते बुडाले. आता त्याच मोजनीनं आमाले दुसऱ्यांदा बुडवता काय?"

मग हसायला कोणी राहिलं नाही. भय्याजींनी घंटी वाजवली, उगाच.

तोड खुशबूनं काढली. दोन सभा ठेवायच्या. एकीत डोकी मोजायची, दुसरीत गावं. दोन्हींनी हो म्हटलं तरच ठराव पास. श्यामराव म्हणाले, "एका सभेनं डोकं उठलं, अन् हे पोरगी दोन सांगते." रेवताबाईला मात्र ते लगेच पटलं. "जात्याले बी दोन पाळू लागते," ती म्हणाली. "एकट्या पाळूनं पीठ होत नाई, नुसता आवाज होते."

असा तो सगळा उन्हाळा गेला. दिवसागणिक पाणी उतरायचं, टोल्यातल्या वाळक्या मोहांचे पांढरे शेंडे वर यायचे, आणि इकडे समाजमंदिरात माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. संघातून बाहेर पडायची मुभा असावी की नाही? श्यामराव म्हणाले, "वाटलं तवा आले, वाटलं तवा गेले, हे काय धर्मशाळा आहे?" रेवताबाई म्हणाली, "ज्या घरातून पोरीले माहेरी जाता येत नाई त्या घरात मी पोरगी देत नाई." तेही कलम झालं. संघाच्या हातात काय आणि गावाच्या हातात काय? तिनं सांगितलं, "जे दिलं ते तुमचं. जे दिलं नाई ते आमच्याच पदरात." खुशबूनं ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. म्हणाली, "आजी, मोठाल्या देशांना हे वाक्य लिहायला वर्षं लागली." "तेइच्याकडे टाइम असन," रेवताबाई म्हणाली.

एका कलमावरून मात्र आजी-नातीचंच जुंपलं. प्रत्येक गावाच्या वतीनं बोलायचं कोणी? खुशबूचं म्हणणं होतं, सगळीकडे मतदान घ्या. रेवताबाई म्हणाली, "ज्या गावाचा मुखिया त्या गावाच्या रिवाजानं. खैरीचा शहाणा मोहटोल्याले कायले शिकवते?"

"आजी, रिवाजानं गेलं तर बाईला कधीच जागा मिळणार नाही."

"मले जागा नाई? मंग इतके दिवस मी कोनाच्या तोंडानं बोलून राहिलो?"

"रिकाम्या चटईच्या," खुशबू म्हणाली.

रेवताबाईनं नातीकडे पाहिलं नाही. ती सभेला म्हणाली, "मताले टाका." पाचही गावांच्या म्हाताऱ्यांनी हात वर केले. रिवाज जिंकला.

शेवटचं कलम तिचं होतं, आणि सगळी भांडणं ती त्याच्याचसाठी भांडली होती. बुडालेल्या टोल्यावर मोहटोल्याच्या मर्जीशिवाय संघाचं जाळं पडणार नाही. श्यामरावांना ते नको होतं. बुडालेल्या भिंतींच्या आडोशाला रोहू आणि मरळ वासरांएवढ्या झाल्या आहेत, असं सगळेच म्हणायचे. दोन दिवस ओढाताण झाली. शेवटी संघाची कचेरी आणि मच्छीचा बाजार खैरीला द्यायचं ठरलं, तेव्हा कुठे श्यामरावांचा हात वर गेला. त्या दिवशी रेवताबाई घरी जाताना पाण्याच्या काठाकाठानं गेली. पदर सावरत, सावकाश. नव्या नवरीसारखी, असं कोणी म्हटलं असतं तर तिनं त्याच्या कानाखाली काढली असती.

घटना पूर्ण झाली. शेवटच्या सभेत प्रत्येक गावाच्या मुखियानं उठून 'आमचं गाव सामील' एवढं म्हणायचं होतं, की संघ उभा. खैरी सामील झाली. आणखी तीन गावं झाली. रेवताबाई उठली.

"थांबा जी," श्यामराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. तेच तिला आधी खटकलं. "मोहटोल्याकडून कोन उभं राहते?"

"दिसत नाई का तुमाले? मी."

"तुमी मुखियाच्या घरच्या. मुखिया नाई. घटनेत काय लिहिलं? मुखियानं बोलाव, अन् मुखिया गावाच्या रिवाजानं. तुमीच लिहवलं. मोहटोल्याचा रिवाज तं साऱ्याइलेच माहीत आहे. जुन्याची तेरवी झाल्याबिगर नव्याच्या खांद्यावर मुखियाचा शेला पडत नाई." त्यांनी रिकाम्या चटईकडे पाहिलं. "फकिराभाऊ जित्ता असन तं तेइले आना. नसन तं तसं सांगा. माहं दोन्हीले हो आहे. पन टोला सामीलच झाला नाई, तं टोल्याच्या पान्याचं कलम कोनासाठी?"

खुशबू तटकन उभी राहिली. "ते कलम बदलता येतं. आत्ता बदलू."

"बदला ना," श्यामराव म्हणाले. "तुमी एक टाका उसवा, मी बी एक उसवतो. मले कोनता उसवाचा आहे ते तुमाले मालूम आहे."

रेवताबाई तशीच उभी होती. समोर तिची ती रिकामी चटई. एवढी वर्षं तिनं ती जागा कोणाला बसू दिली नाही, पोराला नाही, दिराला नाही; आणि आता त्याच चटईत तिचा पाय अडकला होता. तिला स्वतःचाच संताप आला. एवढं बोललो, एवढं भांडलो, अन् आपल्याच जाळ्यात मासोळीसारखं जाऊन बसलो.

"खुशबू, बस खाली," ती म्हणाली. "भरल्या सभेत मागून घेतलेलं कलम मी थुकून चाटत नाई. भय्याजी, परवाची सभा लावा. मोहटोल्याचा मुखिया येईन."

"कोन येईन जी?" भय्याजींनी घाबरतच विचारलं.

"येईन तवा पाहा."

घरी आली तर ओसरीवर तुलाराम येऊन बसलेला. टोल्यातला सगळ्यांत म्हातारा, नात्यानं तिचा चुलतसासरा. तो तिच्याकडे न बघता बोलला, कारण असं बोलताना बघायचं नसतं. "सुनबाई, पान्यानं नेलेल्याची रीत तुले सांगा लागत नाई. भर दुपारी त्या जागेवर जायचं. घरधनिणीनं तीनदा नाव घेऊन हाक द्यायची. ओ आली तं तो अजून घरचा. नाई आली तं कुसाचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा, तेरवी करायची."

"ओ आली तं?"

"माह्या साऱ्या जिंदगीत कोनी ओ देल्ली नाई," तुलाराम म्हणाला. "रीत आहे म्हनून करतेत, बाई."

"आजी, मग तू इतकी वर्षं हाक का नाही दिली?" खुशबूनं विचारलं.

"नवऱ्याचं नाव घेतेत का?" रेवताबाई खेकसली आणि चुलीपाशी निघून गेली.

खरंच तिनं ते नाव उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात उखाण्याची जबरदस्ती झाली तेव्हाही तिनं ओठ शिवून घेतले होते. लोकांना वाटायचं, उत्तर येणार नाही या भीतीनं ही हाक देत नाही. लोकांना काय वाटायचं ते वाटो. सकाळी भांडी घासायला ती काठावर बसायची तेव्हा पाण्याकडे पाठ करून बसायची, आणि कधी गुणगुणायची नाही, कोणाला मोठ्यानं बोलवायची नाही. पाण्याला ऐकू जाईल असं ती काही करत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगा निघाला. तुलाराम बांबू धरून मागे, खुशबू मध्ये, आणि पंच म्हणून श्यामराव, छत्री उघडून, दोन्ही पाय पोटाशी घेऊन. व्यापारी माणूस, पाण्याला भिणारा. रेवताबाई पुढे बसली होती. वारा पडलेला. पाणी इतकं निवांत की डोंग्याची सावली तळापर्यंत उतरली असेल असं वाटावं. वाळक्या मोहांचे शेंडे जवळ आले तशी ती खाली न बघताच ओळखू लागली. इथे बोडीचं तळं. इथे रुखमाचं घर. इथे आपला गोठा. हे अंगण. अंगणावर आल्याबरोबर तिनं हात वर केला. तुलारामनं डोंगा थांबवला.

"फकिरा!"

नाव तोंडातून निघालं आणि तिला दुसऱ्याच्या घरातली वस्तू उचलल्यासारखं वाटलं. आवाज पाण्यावरून गेला, पलीकडच्या काठाला लागला, विरला.

"फकिरा, घरी चाल!"

एका शेंड्यावरचा बगळा उडाला. श्यामरावांनी छत्री सावरली. बस एवढंच. तिच्या छातीवरचा दगड थोडा हलला. खरंच रीतच आहे ही. नुसती रीत.

तिसऱ्यांदा ती तितकी जोरात ओरडलीही नाही. "फकिरा."

"ओ."

खालून आली. अंगणाच्या मागून, परसातून यावी तशी. घाई नाही, दुःख नाही. हातातल्या कामात गुंतलेल्या माणसाला बायकोनं जेवायला बोलावलं की तो जशी देतो तशी. थोडी वैतागलेलीसुद्धा. "थांब वो, आलो."

रेवताबाईचे हात डोंग्याच्या काठावर होते, ते तिथेच राहिले. तिनं मागे वळून पाहिलं. खुशबू घाम पुसत होती. तुलारामचे ओठ हलत होते, कोणाचं तरी नाव घेत असेल. श्यामराव तिच्याकडेच बघत होते.

"आली का ओ?" त्यांनी विचारलं. पंचाला विचारावंच लागतं, आणि घरधनिणीनं सांगावं लागतं. तिच्याच कानाचा हवाला.

हो म्हटलं असतं तर फकिरा घरचा होता. पण मुखिया पाण्याखाली, टोला संघाबाहेर, कलम कागदावर, आणि उद्या सकाळी खैरीची जाळी याच अंगणावर. नाही म्हटलं की अंगण राखलं जाणार होतं, आणि अंगणात बसलेला माणूस तिच्या तोंडानं मरणार होता. खाली काहीतरी हललं. अंगणाच्या कडेनं, इकडेच.

"नाई," रेवताबाई म्हणाली.

"पक्कं?"

"माह्या तोंडाकडे काय पाहता, श्यामराव? तुमाले ऐकू आली का? नाई ना? मंग नाई आली." आणि तिनं ओंजळभर पाणी घेऊन कपाळ धुतलं. कुंकवाचा ओघळ गालावरून खाली आला आणि पाण्यात गेला. खुशबू रडू लागली. "रडतेस कायले?" ती म्हणाली. "चाला. डोंगा काढा. लवकर."

तुलारामनं बांबू रेटला. डोंगा हलेना. त्यानं दोनदा रेटला. "गाळ आहे," तो म्हणाला. तिसऱ्यांदा रेटल्यावर डोंगा सुटला, कोणी हात सोडावा तसा. परत येईपर्यंत रेवताबाई एकदाही मागे वळली नाही.

कुसाचा पुतळा झाला, अग्नी दिला. सभा तेरवीपर्यंत पुढे ढकलली गेली. तिनं शब्द दिलेला परवा टळला, पण रिवाजापुढे खुद्द तिनंच ते मान्य केलं. टोल्याचा रिवाज असा की मुखिया गावातच निजला पाहिजे, म्हणून नागपूरच्या पोराचा प्रश्न आला नाही. त्या चटईवर बसायला दीर धजला नाही, आणि शेला तिच्या खांद्यावर पडला. मोहटोल्याच्या आठवणीत पहिली बाई. खुशबूनं मिठी मारली. रेवताबाईनं ती सहन केली. मग ती सभेत उभी राहून म्हणाली, "आमचं गाव सामील," आणि संघराज्य उभं झालं. पोरांनी फटाके फोडले. बुडालेल्या टोल्यावर त्यानंतर कधी जाळं पडलं नाही.

आता दर महिन्याला सभा भरते. घटनेत लिहिलं आहे तसं भय्याजी आधी गावांची हजेरी घेतात. खैरी म्हटलं की श्यामराव 'हजर' म्हणतात, तसे बाकीचे आपापल्या गावासाठी म्हणतात.

"मोहटोला?"

समाजमंदिराचं एक दार पाण्याकडे उघडतं. रेवताबाईनं तोंड उघडायच्या आत त्या दारातून, तिच्या पाठीमागून, हलकेच येते, "ओ."

कोणी मान वळवत नाही. भय्याजी कागदावरून नजर काढत नाहीत. तीही वळत नाही.

"हजर!" ती एवढ्या जोरात ओरडते की खिडकीतली चिमणी उडते.

"रेवताबाई," एकदा श्यामराव कानावर हात ठेवून म्हणाले, "आमी काई बहिरे नाई ना जी."

"बहिरेच आहा, श्यामराव," ती म्हणाली. "तसेच राहा." आणि भय्याजींकडे बघून, "घ्या ना पुढचं गाव. कायले थांबले?"